दाढेचा ठणका अचानक थांबला? मग तर डेंटिस्टकडे जायलाच हवं!

रात्रीचे दोन वाजलेत. दाढ अशी ठणकतेय की गाल उशीला टेकवत नाही. लवंग धरून झाली, पेनकिलर घेऊन झाली. उद्या सकाळी पहिलं काम डेंटिस्टचं, असं तुम्ही ठरवता. चार दिवस असेच जातात आणि एक दिवस ठणका आपोआप थांबतो. 'चला, रूट कॅनलचे पैसे वाचले!'

घोळ नेमका इथेच होतो.

दाताचं वरचं कडक आवरण म्हणजे इनॅमल. त्याखाली डेंटिन आणि मधल्या पोकळीत पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोहोचली की पल्प सुजतो. हात सुजला तर कातडी ताणते, दाताच्या भिंती मात्र ताणत नाहीत. सुजेला जागाच नसते, आतला दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त.

मग ठणका थांबला म्हणजे काय झालं? बऱ्याचदा पल्प मेलेला असतो. दुखण्याची खबर देणारी नसच उरलेली नसते. जंतू मात्र तिथेच असतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकतात आणि तिथे पू साठू शकतो. नुसत्या अँटिबायोटिकने हे भागत नाही. मेलेल्या पल्पमध्ये रक्तच जात नाही, तर औषध कसं जाणार?

म्हणून आतली घाण हातानेच काढावी लागते. तेच रूट कॅनल. जागा बधिर करून दाताला वरून छिद्र पाडतात, बारीक फाइल्सनी मुळातल्या नळ्या साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. (हो, घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच.) पुढच्या दातात सहसा एकच नळी असते, वरच्या दाढेत तीन-चार. दाढेला वेळ जास्त लागतो तो यामुळे. शेवटी नळ्यांत गट्टा-पर्चा भरतात. हा एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारांवर याचंच आवरण असायचं!

इतकं सगळं करून अनेक जण कॅप बसवायला जातच नाहीत. दुखत नाही ना आता! पण दाढ आतून पोखरलेली असते आणि चावण्याचा सगळा भार तिच्यावरच येतो. एखादा शेंगदाणा चावताना ती उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही. म्हणजे रूट कॅनलचा खर्च पाण्यात. त्यामुळे खर्च विचारताना कॅप धरून विचारा.

बजेट नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगी क्लिनिकपेक्षा फी बरीच कमी, फक्त रांगेची तयारी ठेवा. मात्र सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा.