घाटातली ऑटोमॅटिक गाडी

नवरात्रात सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटात गाड्यांची रांग लागते. गाडी दहा फूट सरकते, थांबते. ऑटोमॅटिकवाल्याचा डावा पाय मोकळा, कारण क्लचचे पेडलच नाही. पण पेडल नाही म्हणजे क्लच नाही असे नव्हे, आणि इथेच लोक फसतात.

2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ गाडीत आणलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स. क्लच दाबणे, गिअर बदलणे ही कामे संगणकाच्या हुकमावर यंत्र करते. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, की क्लचप्लेट घासत राहते, तापते, जळका वास येतो. तिथे ब्रेकच दाबावा.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकची गोष्ट निराळी. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. तेच तेल आतले क्लच दाबते, वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते. म्हणजे गिअरबॉक्सचा सगळा जीव त्या तेलात! नवे तेल बहुधा लालसर असते. ते काळपट झाले, करपल्यासारखा वास आला किंवा गिअर ‘डी’त (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी उशिरा उचलू लागली, तर मेकॅनिक गाठा. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच घाला. दुसरे स्वस्त मिळाले तरी नको.

आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.