चेहरा भावाचा, रेशीम बहिणीचं

गाईडने मला पहिल्या वर्षी एकच प्रश्न विचारला होता: "हे रीडिंग घेऊन तुला नक्की काय कळणार आहे?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर त्याच मशीनवर माझे तीन महिने गेले होते! तुमचं तसं होऊ नये म्हणून हे उदाहरण. आहे चित्रकलेतलं, पण घाबरू नका, मीही मटेरियल सायन्सवालाच.

१८व्या शतकात स्टॉकहोममध्ये पाश नावाचं चित्रकारांचं कुटुंब होतं. मुलगा लॉरेन्स शिकायला कोपनहेगन, पॅरिसला गेला. मुलगी उल्रिका (जन्म १७३५) मागे राहिली. वडिलांची कामं कमी झाल्यावर तिने नात्यातल्या एका विधुर सोनाराचं घर सांभाळलं, उरलेल्या वेळात हात बसवला आणि काही वर्षांत व्यक्तिचित्रांच्या कमाईवर घरच्यांना पोसू लागली. १७६६ मध्ये भाऊ परतला. मग दोघांचा स्टुडिओ एकच. तो दरबाराची चित्रं करायचा आणि त्यांतले कपडे अनेकदा ती रंगवायची.

"फक्त कपडे" म्हणू नका हं. दरबारी चित्रात चेहरा वीतभर, बाकी सगळा कॅनव्हास साटीन, लेस आणि फरचा. माणसाचा दर्जा तिथेच दिसतो.

आता समजा, एका चित्रातली लेस कोणी रंगवली हे तुम्हाला शोधायचंय. आपल्यासारखा माणूस लगेच एक्सआरएफकडे धावेल. क्ष-किरण टाकले की रंगातली मूलद्रव्यं कळतात: शिसं दिसलं तर बहुधा लेड व्हाइट, पारा दिसला तर सिंदुरी लाल. टायटॅनियम पांढरा सापडला तर तो भाग २०व्या शतकातली डागडुजी. उत्तम तंत्र आहे. पण भाऊ-बहीण एकाच स्टुडिओत, बहुधा तेच रंग वापरणार. लेस कोणाचीही असो, रीडिंग सारखंच येणार! मशीन 'कशाने रंगवलं' सांगतं, 'कोणी' ते नाही.

त्यासाठी कंट्रोल लागतो: उल्रिकाची स्वतःच्या नावावरची चित्रं. तिची लेस कशी उतरते, ब्रश कुठे उचलला जातो, ते आधी तिथे बघायचं, मग भावाच्या चित्रात. तरीही दोघं एकाच घरात, चित्रकार बापाच्या हाताखाली वाढलेली, म्हणजे हात मिळतेजुळते असणारच. त्यामुळे निष्कर्षात 'शक्यता' हाच शब्द राहतो.

आणि ही सरळसोट 'दडपलेल्या बाईची' गोष्टही नाही. १७७३ मध्ये स्वीडनच्या कला अकादमीने उल्रिकाला सदस्य करून घेतलं. म्हणजे तिचं काम लोकांना माहीत होतं. फक्त भावाच्या चित्राखाली तिचं नाव येत नव्हतं.

मी हल्ली मशीनचा स्लॉट बुक करण्याआधी कागदावर दोन रकाने आखतो: गृहीतक खरं असेल तर काय रीडिंग येईल, खोटं असेल तर काय. दोन्हीकडे एकच आकडा आला की स्लॉट दुसऱ्याला देऊन टाकतो.