तेल पातळ, चरबी घट्ट, असे का?

मटणाचा रस्सा रात्रभर राहिला की सकाळी त्यावर पांढरा थर धरतो. करडईचे तेल मात्र ऐन थंडीतही बाटलीत पातळच असते. दोन्ही स्निग्ध पदार्थच. मग फरक कशामुळे पडतो? हे एकदा नीट समजले की दस्तरखानावर काय यावे आणि काय येऊ नये, हे ठरवणे सोपे जाते.

तेल, तूप, चरबी यांची घडण एकच आहे. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. प्रत्येक साखळी कार्बनच्या अणूंची. तिच्यातले सगळे बंध एकेरी असतील तर ते संपृक्त मेदाम्ल. एक दुहेरी बंध असेल तर एकअसंपृक्त, जास्त असतील तर बहुअसंपृक्त.

वर्गात आम्ही हे काड्यांनी दाखवतो. सरळ काड्या पेटीत दाटीने बसतात, वाकलेल्या बसत नाहीत. संपृक्त साखळ्या सरळ असल्याने घट्ट बसतात. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, म्हणून तेल पातळ राहते. १८ कार्बनचे संपृक्त स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्याच कार्बनचे, पण एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांनाच वितळते.

चरबी आणि तुपात संपृक्त मेदाम्ले जास्त. खोबरेलही त्याच गटातले, म्हणून ते थंडीत गोठते. शेंगदाणा तेलात ओलेइक भरपूर, सूर्यफूल तेलात साधारणपणे लिनोलेइक. जवसात आणि बांगडा-तारलीत ओमेगा-३ मिळते. लिनोलेइक आणि जवसातले अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्ले आपले शरीर बनवू शकत नाही. ती अन्नातूनच घ्यावी लागतात.

खरी काळजी ट्रान्स मेदाम्लांची. निकेल उत्प्रेरक वापरून तेलात हायड्रोजन मिसळला की वनस्पती तूप तयार होते. ही क्रिया अर्धवट झाली तर काही दुहेरी बंध तसेच उरतात, पण तिथली साखळी जवळजवळ सरळ होते. ओलेइकचेच असे ट्रान्स रूप सुमारे ४५ अंशांना वितळते. असे मेद रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले घटवते. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच भारतात खाद्यतेल व वनस्पतीमधील ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली.

तळणीच्या तेलाचेही तसेच. पुन्हा पुन्हा तापवल्याने दुहेरी बंधांवर हवेतल्या ऑक्सिजनचा मारा होतो आणि नको ते पदार्थ तयार होतात. तेल काळपट, दाट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरकटू लागले तर ते संपले असे समजावे. रमजानमध्ये रोज समोसे-भजी तळणाऱ्या घरांनी तर हे जरूर पाळावे. कालच्या तेलात आजचे नवे तेल ओतल्याने जुने तेल चांगले होत नाही, उलट नवेही लवकर खराब होते.

तेव्हा तळण थोडक्या तेलात करू या, बेकरीच्या पाकिटावर 'हायड्रोजनेटेड' हा शब्द शोधू या आणि रश्शावरचा तो पांढरा थर चमच्याने काढून टाकू या. चव राहील, जडपणा जाईल.