घराला कुलूप आहे, मोबाइलला काय?

सोयाबीनच्या सुगीतली गोष्ट आहे. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, अठरा कट्टे सोयाबीन आडतीवर घातले. पट्टीचे पैसे बँकेत जमा झाले. त्यात हरभऱ्याचे बियाणे, खत आणि धाकट्या मुलीची वसतिगृहाची फी भागवायची होती. दोन दिवसांनी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक निरोप आला: ‘किसान सन्मानचा हप्ता थांबला आहे. खालची फाइल उघडून आजच केवायसी करा.’ पाठवणारा गावातलाच, रोजच्या ओळखीचा. तात्यांनी फाइल उघडली, विचारले ते भरले आणि जेवून झोपले. सकाळी पाहतात तर तीन वेळा मिळून एकेचाळीस हजार रुपये खात्यातून गेलेले.

तात्या माझ्याकडे आले ते चपला हातात घेऊनच. म्हणाले, “अरे, मी कुणाला ओटीपी सांगितला नाही. कुणाचा फोनसुद्धा आला नाही. मग पैसे गेले कसे?”

मला या यंत्राचा पहिल्यापासून नाद आहे. गावात कुणाचा मोबाइल अडला की तो माझ्या ओसरीवर येतो. तात्यांना हा फोन मीच घेऊन दिला होता. त्यात हवामान, बाजारभाव, सातबारा, सगळे मीच भरून दिले होते. कुलूप कसे लावायचे, तेवढे सांगायचे राहिले. त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे. पुढच्यास ठेच लागली, मागचा तरी शहाणा व्हावा.

चोर आत आला कसा?

तात्यांना आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ अशी अक्षरे होती. अशी फाइल म्हणजे चित्र नव्हे, कागदही नव्हे. ते एक चालते अॅप असते. प्ले स्टोअरवरून न घेता ते परभारे फोनमध्ये बसवले जाते. बसवताना फोन विचारतो, ‘हे अनोळखी अॅप बसवू का? याला तुमचे मेसेज वाचू देऊ का?’ घाईत आपण ‘होय, होय’ असे दाबत जातो. तिथेच घराची किल्ली चोराच्या हाती पडते.

मग ते अॅप सरकारी दिसणारा अर्ज दाखवते. त्यात खाते, आधार, कार्डाचा क्रमांक आणि पिन विचारते. आपण अर्ज भरतो आणि तो चोराकडे पोहोचतो. बँकेकडून ओटीपी आला की तोही हे अॅप गुपचूप वाचून पुढे पाठवते. तात्यांनी तोंडाने कुणाला काही सांगितले नव्हते हे खरे. सांगणारा त्यांच्या खिशात बसला होता.

आणि निरोप ओळखीच्या माणसाकडून कसा आला? त्याच्या फोनमध्ये हेच अॅप आधी शिरले होते. त्याच्या नावाने गटावर निरोप गेला, त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. म्हणून ओळखीच्या माणसाची फाइल आली तरी आधी त्याला फोन करून विचारावे, ‘बाबा, हे तूच पाठवलेस का?’ लाडकी बहीण योजनेच्या नावानेही असे खोटे निरोप फिरले आहेत. तेव्हा घरातल्या बायाबापड्यांनाही हे समजावून सांगावे.

पत्ता शेवटाकडून वाचावा

खरे संकेतस्थळ आणि खोटे संकेतस्थळ दिसायला जुळ्या भावांसारखे असते. तेच चित्र, तीच राजमुद्रा. ओळखायची खूण एकच, ती म्हणजे पत्ता.

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण आधी नाव लिहितो, मग मुक्काम, तालुका आणि शेवटी जिल्हा. नाव कुणीही काहीही लिहील. पत्र जाते ते शेवटच्या जिल्ह्याला. संकेतस्थळाचेही तसेच आहे. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. किसान सन्मान निधीचा खरा पत्ता ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. ‘पीएमकिसान-गव्ह डॉट ऑनलाइन’ असे काही दिसले, तर नाव आपल्या गावचे पण जिल्हा भलताच, असे समजावे.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने अशीच सोय केली. ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. या पत्त्यावर येण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असले म्हणजे सगळे ठीक, असे काही जण मानतात. तो भ्रम आहे. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचे बोलणे वाटेत तिसरा कुणी ऐकत नाही. पण दार लावून तुम्ही चोराशीच बोलत बसला असाल, तर कुलूप काय करणार?

कामाची अवजारे

इतके वाचून ‘नको तो मोबाइल’ असे म्हणू नये. विळ्याने बोट कापते म्हणून कुणी कापणी सोडत नाही. माझ्या अनुभवात शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडतात अशी अवजारे ही:

सातबारा. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर तो नुसता पाहता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तिथेच ‘आपली चावडी’ नावाचे पान आहे. आपल्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली ते त्यावर दिसते. महिन्यातून एकदा तरी आपला गट तिथे पाहावा. आपल्या जमिनीवर कुणी परस्पर नोंद घालू पाहत असेल, तर वेळेत हरकत घेता येते.

हवामान. ‘मेघदूत’ हे अॅप जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला देते. हा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे अॅप आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देते. वळवाच्या दिवसांत रानात गुरे राखणाऱ्याच्या फोनमध्ये हे असलेच पाहिजे.

पीक आणि भाव. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. बांधावर उभे राहून आपल्या पिकाची नोंद आपण स्वतः करू शकतो. बाजार समित्यांची आवक आणि दर कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आडतीला माल घालण्यापूर्वी चार बाजार पाहून घ्यावेत.

संचार साथी. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ही सोय २०२३ सालची. आपल्या नावावर किती सिम कार्डे आहेत ते इथे समजते. अनोळखी क्रमांक निघाला तर तो बंद करायला सांगता येते. फोन हरवला तर तोही अडवता येतो.

या सगळ्यांना एकच नियम लावावा. दार आपण होऊन उघडावे. पत्ता आपण स्वतः टाकावा आणि अॅप प्ले स्टोअरवरून, खाली बनवणाऱ्याचे नाव वाचून घ्यावे. कुणी निळी ओळ पाठवून ‘इथे दाबा’ म्हटले, तर ते दार त्याचे आहे, आपले नव्हे.

पिन म्हणजे पैसे देण्याची सही

यूपीआय २०१६ साली आले आणि आठवडी बाजारात भाजीच्या पाटीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला. सोय मोठी आहे, पण एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवावी: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन फक्त देताना लागतो. ‘तुमची म्हैस घेतो, आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका’ असे कुणी म्हणाले, तर तो घेणारा नसून नेणारा आहे.

बँकेचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तिथे चोरांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या पाठीवरचा क्रमांकच वापरावा. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नये. मुलाचे नाव आणि जन्मसाल तर मुळीच नको. व्हॉट्सअॅपमध्ये दुहेरी पडताळणीची सोय आहे. तिथे सहा आकड्यांचा पिन ठरवून ती सुरू करावी. आधारवर अंगठा लावून पैसे काढता येतात, म्हणून आधारच्या अधिकृत सोयीतून अंगठ्याला कुलूप लावता येते. गरजेपुरते ते उघडावे.

पोलिसाच्या वेषात कुणी व्हिडिओवरून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असे धमकावले, तर सरळ फोन ठेवावा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

भगदाड पडले तर

पाटाला भगदाड पडले तर आपण आधी माती टाकतो, कुणाच्या चुकीने पडले ते मागून पाहतो. इथेही तसेच करावे. फोनचे इंटरनेट आधी बंद करावे. दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक लावावा. मग बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवावे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ इथेही तक्रार नोंदवता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळवत असतो. ते वाटेत अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. म्हणून लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडतो. फोनमधले ते अॅप काढून, फोन पूर्ण पुसून, सगळे पिन नवे केल्याशिवाय त्यावर पुन्हा व्यवहार करू नये.

तात्यांचा फोन आम्ही त्याच सकाळी लावला. एकेचाळीसपैकी सतरा हजार एका परगावच्या खात्यात अडले. काही महिन्यांनी ते परत आले. बाकीचे गेले ते गेलेच. मुलीची फी काकूंनी भिशीच्या पैशातून भरली.

तात्यांना सगळ्यात जास्त बोचले ते लोकांचे हसणे. चार दिवस ते पारावर गेले नाहीत. पाचव्या दिवशी गेले आणि झाले ते सगळ्यांना स्वतःच सांगितले. तेव्हा आणखी दोघांनी हळूच कबूल केले, की ती फाइल आमच्याकडेही आली होती, आम्हीही उघडली. त्यांची खाती त्याच दुपारी थांबवली. दोघांचेही पैसे वाचले.

आता तात्यांच्या घरात कॅलेंडरशेजारी मुलीच्या अक्षरात एक पुठ्ठा लावलेला आहे. त्यावर १९३०, बँकेचा पासबुकावरचा क्रमांक आणि खाली एक ओळ आहे: ‘फाइल उघडण्याआधी मला विचारा.’ बंधू-भगिनींनो, असा एक पुठ्ठा आज आपल्याही भिंतीवर लावा. आणि आपल्या घरात कुणी फसलेच, तर त्याला हसू नका, फोन लावा.