तडा एका जागी, झीज नळीभर

वीस वर्षे चाललेल्या गाडीच्या बॉनेटखालून पेट्रोलचा वास येऊ लागला की गॅरेजमध्ये पहिला शोध सुरू होतो तो ‘गळतंय कुठून’ याचा. जागा सापडली की तिथे टेप गुंडाळायची, एम-सील थापायचे, नाहीतर क्लिप आणखी दोन आटे आवळायची. वास जातो, गाडी मालकाच्या ताब्यात जाते. हा उपाय काही आठवडे चालतो, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत लांबचा पल्ला लोखंडी नळीचा असतो आणि टोकांना, फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे, रबरी पाइपाचे लहान तुकडे असतात. कारण चालू इंजिन सतत हलते आणि ते हलणे लोखंडाला सोसत नाही. या रबरी तुकड्याला एका जागी तडा गेला, तर सबंध तुकडाच दुरुस्तीपलीकडे गेलेला असतो. तो बदलावाच लागतो, आणि बदलताना पूर्वीसारखाच माल आणून बसवला तर काम अर्धेच होते.

साधे रबर पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते, म्हणून या कामासाठी नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर वापरतात. त्याच्या रेणुसाखळीची घडणच अशी की पेट्रोलशी त्याचे फारसे जमत नाही. पण थोडे जमतेच. थोडे पेट्रोल आत शिरते, रबर किंचित फुगते आणि ते लवचीक राहावे म्हणून कारखान्यात मिसळलेली तेलकट द्रव्ये पेट्रोलबरोबर हळूहळू धुऊन निघतात. गाडी बराच काळ उभी राहिली की नळी वाळते, आकसते आणि पूर्वीपेक्षा कडक होते. बाहेरून बॉनेटखालची उष्णता आणि हवेतला ओझोन आपले काम करत असतात. ओझोन रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, मात्र तडा उघडतो तो रबर ताणलेले असेल तिथेच, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला किंवा क्लिपच्या कडेला. तड्याची जागा फक्त ताण कुठे होता ते सांगते. झीज नळीभर झालेली असते. काढलेल्या जुन्या नळीचा वरून शाबूत दिसणारा भाग बोटांत धरून वाकवला, तर आडव्या बारीक रेघा उघडताना दिसतात. जे टोक निप्पलवर, म्हणजे नळी ज्यावर चढवतात त्या धातूच्या तोंडावर, बसलेले होते ते कर्ण्यासारखे पसरलेलेच राहते, मिटत नाही. क्लिप कितीही आवळली तरी गळती पुन्हा का सुरू होते, याचे उत्तर त्या टोकात आहे. रबराने निप्पलला घट्ट धरणे सोडलेले असते आणि पट्टी आवळावी तितकी त्यात रुतत जाते.

आता पेट्रोलकडे वळू. 2014 च्या सुमारास देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दीड टक्का इथेनॉल होते. 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर गेले आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. जुन्या नळीच्या दृष्टीने हे मिश्रण म्हणजे वेगळाच द्रव आहे. कोणता द्रव कोणत्या पदार्थात शिरेल याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निर्देशांक वापरतात. दोन पदार्थांचे आकडे जितके जवळ, तितके ते एकमेकांत मिसळायला तयार. पेट्रोलचा आकडा साधारण 15-16, इथेनॉलचा 26 आणि नायट्राइलचा 19-20 च्या आसपास. शुद्ध पेट्रोल रबराच्या एका बाजूला राहते, शुद्ध इथेनॉल दुसऱ्या बाजूला बरेच लांब. पण चार भाग पेट्रोलमध्ये एक भाग इथेनॉल घातले की मिश्रणाचा आकडा 18 च्या जवळ सरकतो, म्हणजे रबराच्या अगदी दाराशी. म्हणूनच अनेक रबरे इथेनॉलचे प्रमाण भरपूर असलेल्या इंधनापेक्षा कमी-मध्यम प्रमाणाच्या मिश्रणात जास्त फुगतात. इथेनॉल जितके जास्त तितका त्रास जास्त, हा सरळ वाटणारा तर्क इथे चुकतो.

मग सगळे खापर इथेनॉलवरच फोडायचे का? तसेही नाही. याच पेट्रोलवर कित्येक जुन्या गाड्या विनातक्रार चालतात, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर नळीच्या वयात आहे. चार वर्षांपूर्वी बसवलेली चांगली नळी थोडी फुगूनही काम करत राहील. वीस वर्षे वाळलेल्या नळीला तडकायला तेवढे फुगणे-आकसणेही पुरते. नवे पेट्रोल हे निमित्त, म्हातारपण हे मूळ. पण म्हणून जुन्याच दर्जाची नळी पुन्हा लावणे शहाणपणाचे ठरत नाही. एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांचे पेट्रोलच्या संपर्कात येणारे भाग 20 टक्के मिश्रण सोसतील असे बनवले जातात. जुन्या गाडीला ती सोय मालकाने करून द्यायची असते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. पूर्वी साबण लावूनसुद्धा गळती थांबवत होते, असे जुने मेकॅनिक सांगतात, आणि ते खोटे नाही. कार्बोरेटरच्या मारुती 800 किंवा पद्मिनीत पंपाचा दाब एक बारच्या चौथ्या हिश्शाइतका असतो. तिथे गळती म्हणजे थेंब. इंजेक्टरच्या गाडीत तोच दाब 3 बारच्या आसपास जातो. दाब दहा-बारा पट झाला की त्याच भोकातून साधारण सव्वातीन पट पेट्रोल जाते, पण खरा धोका त्याहून मोठा. आता थेंब ठिबकत नाही, फवारा उडतो. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की एक ठिणगी पुरते. हिशेब केला तर चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर पेट्रोलची वाफ साठ-सत्तर लिटर हवा पेटण्याजोगी करू शकते. रस्त्यात अडकलात तर योग्य जाडीचा चांगल्या नळीचा तुकडा लावून गॅरेज गाठणे समजू शकते. एम-सीलसारखी इपॉक्सी मात्र तिथेही नको. पेट्रोलने ओल्या पृष्ठभागावर ती नीट धरत नाही, आणि हलणाऱ्या रबरावर तिची कडक खपली पहिल्या हादऱ्यातच सुटते.

लोखंडी नळीचे थोडक्यात सांगता येईल. ती गंजते, आणि गंजते तिथेच जिथे चिखल अडकतो, म्हणजे पकडपट्ट्यांच्या मागे. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत लवकर. सडका भाग कापून मध्ये रबर जोडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण गाडीच्या पोटाखाली त्या रबराला दगड आणि घर्षण सोसावे लागते, शिवाय कापलेल्या टोकाला उभार काढला नसेल तर दाबाने रबर निसटते. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून मोह होतो. परंतु कंपनाने तांबे ताठर होऊन तडकते आणि पेट्रोलमध्ये चिकट गाळ तयार व्हायला मदतही करते. पोलादाचीच किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी घालावी.

उरतो खर्चाचा मुद्दा. या दुरुस्तीत पैसे जातात ते मजुरीत. नळी त्यामानाने स्वस्त असते. म्हणून एका तुकड्यासाठी गाडी उघडली की बाकीचे रबरही त्याच बैठकीत बदलणे परवडते. इंजेक्टरच्या गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे वाहिनीतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवायची. नळी घेताना दुकानदाराच्या शब्दापेक्षा तिच्यावरची छपाई वाचावी. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या जे-30 मानकात आर-7 ही कमी दाबाची नळी, तर आर-9 ही आतून फ्लोरोरबराचे अस्तर असलेली, इंजेक्टरच्या दाबाची. फ्लोरोरबर इथेनॉलच्या मिश्रणात नायट्राइलपेक्षा पुष्कळ कमी फुगते आणि वाफही कमी झिरपू देते, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीलाही आर-9 घातली तर बिघडत नाही. क्लिप भोकांच्या पट्टीची न घेता सपाट, कडा वळवलेली घ्यावी. आणि टाकीच्या आतली, पंपाला जोडलेली नळी बदलायची असेल तर आर-9 सुद्धा चालत नाही: तिचे अस्तर पेट्रोलला टिकते, बाहेरचे आवरण नाही, आणि टाकीत ती चहूबाजूंनी पेट्रोलमध्ये बुडालेली असते. तिथे आर-10 च लागते.