रेडफिश तलावाकाठचा मुक्काम

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सॉटूथ पर्वतरांगेच्या पायथ्याशी, सुमारे साडेसहा हजार फूट उंचीवर रेडफिश लेक हा तलाव आहे. हिमयुगात डोंगरावरून सरकत आलेल्या हिमनदीने इथली दरी कोरली आणि सोबत आणलेल्या दगडमातीचा ढीग दरीच्या तोंडाशी टाकला. पुढे बर्फ वितळले आणि या नैसर्गिक बांधामागे सुमारे सात किलोमीटर लांबीचा तलाव तयार झाला. काठावर लॉजपोल पाइनचे सरळसोट वृक्ष आणि पलीकडे माउंट हेबर्न व ग्रँड मोगल ही शिखरे. उन्हाळ्यात हजारो कुटुंबे इथे तंबू ठोकून राहतात.

हा भाग सॉटूथ राष्ट्रीय वनात येतो. राष्ट्रीय वन आणि राष्ट्रीय उद्यान यांत परदेशी प्रवाशांची नेहमी गल्लत होते. उद्याने तिथल्या ‘इंटिरियर’ खात्याशी जोडलेली असून निसर्ग शक्य तितका अस्पर्शित ठेवणे हा त्यांचा हेतू. राष्ट्रीय वने मात्र कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवेकडे आहेत. ही वनसेवा 1905 साली स्थापन झाली. लाकूड, चराई, पाणी, शिकार आणि मुक्काम हे सगळे उपयोग एकाच जंगलात सांभाळायचे, हे तिचे काम. रेडफिशच्या परिसराला 1972 मध्ये संसदेने ‘राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र’ असा वेगळा दर्जा दिला, पण कारभार वनसेवेकडेच राहिला.

कॅम्पग्राउंड वरवर पाहता जंगलातली मोकळी जागा वाटते. प्रत्यक्षात तिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू माणसाला जागच्या जागी ठेवण्यासाठी मांडलेली असते. मोटारी सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर 1920च्या दशकात लोक झाडाखाली वाटेल तिथे गाडी नेऊन तंबू लावत. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी यातला धोका ओळखला. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली गेली की तिच्यातली पोकळी नाहीशी होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि झाड मरते. ते सावकाश मरते, त्यामुळे कोणी दोष आपल्याकडे घेत नाही. माइनेके यांनी 1932 मध्ये सुचवलेला उपाय अगदी साधा होता: एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटणारे गाडीपुरते छोटे फाटे आणि फाट्याच्या कडेला गाडी अडवणारे मोठे दगड. टेबल व चूल अशी पक्की बसवायची की लोक ती उचलून नेणार नाहीत. पाठोपाठ मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांच्या सरकारी पथकांनी (1933 ते 1942) देशभर अशी कॅम्पग्राउंड बांधली. आजही बहुतेक ठिकाणी हाच आराखडा दिसतो.

एका जागेत साधारणपणे गाडीचा फाटा, जाड लाकडी टेबल-बाक, तंबूसाठी सपाट केलेली जमीन आणि लोखंडी कड्यातली शेकोटीची जागा असते. शौचालय बहुधा पाण्याविना चालणारे, खाली सीलबंद टाकी असलेले. त्याच्या छतावरचा जाड काळा पाइप उन्हाने तापतो, आतली हवा वर चढते आणि दुर्गंधी बाहेर निघून जाते. वनसेवेच्या अभियंत्यांनी हा विषय किती गांभीर्याने घेतला होता, हे या पाइपावरून कळते. देखरेखीला ‘होस्ट’ असतो; हे काम बहुतेकदा निवृत्त जोडपी स्वेच्छेने करतात.

नियमांत सर्वांत कडक बाब अन्नाची. या जंगलांत काळी अस्वले असतात आणि त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. जेवण, कचरा, टूथपेस्ट, साबण, केसांचे तेल असे वास येणारे सारे रात्री बंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडता येणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवतात, तंबूत कधीच नाही. फोडणीचा वास लागलेले कपडेही याच यादीत धरावेत. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि अखेर बहुधा त्यालाच मारावे लागते.

शेकोटी विझवण्याची रीतही ठरलेली: पाणी ओतायचे, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाही ना ते पाहायचे. कोरड्या ऑगस्टमध्ये कधी कधी आगीवर पूर्ण बंदी येते. 2024 च्या जुलैमध्ये शेजारच्या बेंच लेक परिसरात वणवा पेटल्यावर रेडफिशचा काठ रिकामा करावा लागला होता. सरपणही दुरून आणू नये असे सांगतात, कारण लाकडासोबत झाडे पोखरणारे किडे प्रवास करतात. थंडीचा अंदाज मात्र नवख्यांचा हमखास चुकतो. दुपारी पोहावेसे वाटते आणि त्याच रात्री, जुलै असूनही, दव गोठू शकते.

तलावाचे नाव सॉकआय सामन माशांवरून पडले. अंडी घालण्याच्या काळात हे मासे लालभडक होतात. त्यांची पिल्ले एक-दोन वर्षे तलावात वाढतात, मग पॅसिफिक महासागरात जातात आणि मोठी होऊन जन्मस्थानी परततात. कोलंबिया, स्नेक व सामन या नद्यांतून सुमारे 1,450 किलोमीटरचा हा उलटा प्रवास, त्यात साडेसहा हजार फुटांची चढण आणि वाटेत आठ मोठी धरणे. 1991 मध्ये या वंशाला धोक्यातील प्रजातीचे कायदेशीर संरक्षण मिळाले. 1992 मध्ये तर तलावापर्यंत एकच नर पोहोचला. लोकांनी त्याला ‘लोन्सम लॅरी’, म्हणजे एकटा लॅरी, म्हटले. त्याचे शुक्राणू गोठवून प्रजननासाठी वापरण्यात आले. बंदिस्त टाक्यांत वाढवलेले मासे सोडून हा वंश टिकवण्याचे काम तेव्हापासून सुरू आहे.

इथला हंगाम छोटा असतो. साधारण मेअखेरीस बर्फ ओसरल्यावर दारे उघडतात आणि शरदात पाण्याच्या नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून रिकाम्या करून बंद केल्या जातात. बऱ्याच जागांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते, बहुतेकांचे सहा महिने आधीपासून, आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार पटकन संपतात. जागा न मिळालेल्यांना राष्ट्रीय वनात आणखी एक मार्ग असतो: ठरवून दिलेल्या भागांत, कॅम्पग्राउंडबाहेर, मोफत तंबू लावता येतो. तिथे नळ नसतो, शौचालय नसते आणि कचरा सोबतच परत न्यावा लागतो.