आयुष्याचा उतारा कोण लिहिणार?

आपल्या पणजोबांचं नाव सांगा बरं! नाव कदाचित आठवेल; जुना फेरफार काढला तर त्यात सापडेलही. पण ते कोणत्या गावाहून इथं आले, विहीर कशी खोदली, कर्ज कुणाचं होतं आणि ते कसं फिटलं, हे सांगता येईल का? बहुतेक घरांत येत नाही. शेताचा सातबारा निघतो, पण ते शेत राखणाऱ्या माणसाचा उतारा कुठल्याच दप्तरात मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच लिहून ठेवावा लागतो.

"आम्ही काय मोठी माणसं? आमचं कोण वाचणार?" असं तुम्ही म्हणाल. मग आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवा. १८८० सालचा जन्म, जळगावचं सासर, शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्यातली काही कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जी गाणी टिपली गेली नाहीत, ती जात्याच्या घरघरीतच विरली. ध्यानात घ्या, त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. ऐकून टिपणारं माणूस घरात होतं, म्हणून एवढं तरी उरलं.

तुमच्याकडे गाणी नसतील, पण अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात जो २० वर्षांचा होता, त्याची सत्तरी केव्हाच उलटली. खडी फोडायला कुठं जावं लागलं, मजुरी काय मिळाली, मिलोची भाकरी कशी गिळली, हे सांगणारी माणसं गावोगाव कमी होत चालली आहेत. या नुसत्या गप्पा नव्हेत. त्या साली कोणती विहीर आटली नाही, खडक किती हातांवर लागला, नाल्याचं पाणी कोणत्या बांधापर्यंत चढलं, हे नातवाला ठाऊक असेल तर बोअरवर जाणारा त्याचा पैसा वाचू शकतो.

मग सुरुवात कशी करायची? एक २०० पानी वही घ्या. पहिल्या पानावर आपलं नाव, जन्मगाव, आई-वडिलांची व आजी-आजोबांची नावं लिहा. आईच्या माहेरचंही लिहा. त्याचाच विसर आधी पडतो. तारीख आठवत नसेल तर मोठ्या घटनेशी जोडा. लग्न १९६० ला महाराष्ट्र झाला त्याआधीचं की नंतरचं? नातू धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला त्या १९९८ सालचा का? मग एकेका वावराचं नाव, त्यात काय पिकलं, कापसाला काय भाव मिळाला, सालदाराचं साल किती होतं, हे येऊ द्या. घरातल्या बाईची वही वेगळी ठेवा. तिने पाहिलेलं घर निराळं असतं.

शुद्धलेखनाची भीती नको. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, जे तोंडात आहे तेच लिहा. हात चालत नसेल तर नातवाला मोबाईल पुढं धरायला सांगा. आधी तारीख आणि गाव बोला, मग रोज अर्धा तास. मात्र मोबाईल बिघडला की आवाजही जातो. म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवा आणि महत्त्वाचं कागदावर उतरवा.

आणखी दोन गोष्टी. पडती बाजू लपवू नका. वादळात केळी आडवी झाली, कर्ज थकलं, त्यातून सावरलात कसे, हेच पोरांना पुढं कामी येईल. मात्र जुनं वैर उगाळून कुणाची बदनामी करू नका. दुसरं, जमिनीची वाटणी या वहीत लिहू नका. त्यासाठी मृत्युपत्र वेगळं करावं लागतं, त्यावर आपली आणि दोन साक्षीदारांची सही लागते. वहीतल्या एका ओळीवरून भाऊबंदकी पेटायला नको.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून घराघरांतली जुनी कागदपत्रं जमवली. १९२६ साली धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं आहे. घरातल्या कागदांतूनच इतिहास उभा राहतो. ग्रामसभेत हा विषय मांडा. शाळेच्या मुलांना एकेका म्हाताऱ्या माणसाशेजारी बसवा. घरच्यांची परवानगी असेल तर वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.

आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. लेकी माहेरी येतात, घर भरलेलं असतं. त्या दिवशी आईला, बाबांना मध्ये बसवून पहिलं पान लिहायला काय हरकत आहे? उद्या तुमच्या नावाची घागर भरणाऱ्याला तुम्ही कोण होता, हे तरी कळेल.